ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि ५ एचपीची थ्री फेज मोटर एकत्र कशी जोडावी?

माणकाठ_डाळिंब (प्रश्न)

नमस्कार. सांगोला तालुक्यात आमची सहा एकर डाळिंबाची बाग असून तिचे प्रत्येकी दीड एकराचे चार प्लॉट आहेत. लागवड ४.५ × ३ मीटरवर असल्याने एकरी सुमारे ३०० झाडे बसली आहेत आणि प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रीपर आहेत. विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (पंप व मोटर एकाच अंगात असलेली) मोटर आणि हिरव्या-लाल बटणांचा साधा डीओएल (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) स्टार्टर आहे. सध्या दोन प्लॉट एकदम चालवतो, जास्तीचे पाणी बायपासने विहिरीत सोडतो आणि फिल्टरनंतरच्या गेजवर दीड किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाब ठेवतो.

शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री असते. स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असल्यामुळे वीज आल्यावर मोटर आपोआप चालू होते, परंतु प्लॉट बदलण्यासाठी वडिलांना मध्यरात्री बॅटरी घेऊन बागेत जावेच लागते. म्हणून चारही प्लॉटना २ इंची, २४ व्होल्ट एसीचे सोलेनॉइड (कॉइलला वीज दिली की उघडणारे) व्हॉल्व्ह बसवावेत आणि धाकट्या भावाने केलेल्या ईएसपी३२ (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) व रिले (लहान विजेने चालणारा स्विच) बोर्डावरून व्हॉल्व्ह आणि मोटर दोन्ही चालवावेत, असा विचार आहे.

माझ्या शंका अशा. १० अँपिअरचा रिले मोटर चालू करू शकेल का, की तो स्टार्टरमध्ये वेगळ्या पद्धतीने जोडावा लागतो? आधी मोटर चालू करावी की आधी व्हॉल्व्ह उघडावा? सर्वांत लांबचा व्हॉल्व्ह विहिरीपासून ३०० मीटरवर आहे, तर तिथपर्यंत कोणती वायर टाकावी? दुकानदाराने २३० व्होल्ट कॉइलचे व्हॉल्व्ह सुचवले आहेत, कारण त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचतो असे त्यांचे म्हणणे आहे.

पॅनेलवाला_मिरज

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ओल्या मातीत, खुरपणी चालते त्या जागेत २३० व्होल्टची वायर नेण्याचा विचार सोडून द्यावा. उंदराने वायर कुरतडली किंवा जोडात पाणी गेले तर २४ व्होल्टवर फार तर फ्यूज जाईल. २३० व्होल्टवर माणूस जाईल. ट्रान्सफॉर्मरचा खर्च हा वाचवण्याचा खर्च नव्हे.

आता रिलेबद्दल. ५ एचपीची मोटर पूर्ण भारावर प्रत्येक फेजला सुमारे ७ ते ७.५ अँपिअर घेते आणि डीओएलवर सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापटीच्या आसपास जाते. शिवाय फेज तीन आणि आपल्या रिलेचा संपर्क एक. त्यामुळे मोटरचा प्रवाह रिलेमधून नेण्याचा प्रश्नच येत नाही; मोटर कॉन्टॅक्टरच, म्हणजे स्टार्टरमधला कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विचच, चालवील आणि रिलेने फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज द्यायची.

तथापि येथेही एक अडचण आहे. शेतीच्या बहुतेक डीओएल स्टार्टरमधील कॉइल ४१५ व्होल्टची, म्हणजे दोन फेजमध्ये जोडलेली असते, तर आपल्या बोर्डावरील रिले २५० व्होल्टपर्यंतचाच असतो. कॉइलवर छापलेले व्होल्ट आधी वाचून घ्या. कॉइल २३० व्होल्टची करून न्यूट्रल म्हणून अर्थिंगची तार वापरण्याचा 'उपाय' अनेक ठिकाणी केलेला दिसतो; तो कोणी सुचवला तरी करू नका, कारण अर्थिंग सैल झाले की पेटीचा पत्रा आणि मोटरचे अंग जिवंत होते. योग्य मार्ग असा, की दोन फेजवर ४१५ ते २३० व्होल्टचा, सुमारे १५० व्हीएचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवावा, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्यूज द्यावेत, कॉन्टॅक्टरची कॉइल बदलून २३० व्होल्टची घ्यावी आणि त्याच २३० व्होल्टवरून व्हॉल्व्हचा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर व ईएसपी३२चा पुरवठा घ्यावा. म्हणजे न्यूट्रलची गरजच उरत नाही. पेटी आणि मोटर यांचे अर्थिंग मात्र स्वतंत्र व पक्के असावे.

कॉइलकडे जाणारी वाट अशी ठेवा. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकापासून निघालेली वायर आधी लाल बटणाच्या नेहमी जुळलेल्या संपर्कातून, मग ओव्हरलोडच्या (जास्त प्रवाहाला मोटर तोडणाऱ्या साधनाच्या) ९५-९६ या टोकांमधून, मग सिंगल फेज प्रिव्हेंटरमधून (एखादी फेज गेली की मोटर तोडणाऱ्या साधनातून) आणि जास्त दाबाच्या प्रेशर स्विचमधून जाईल. यानंतर एक सिलेक्टर स्विच येईल, ज्याला हाताने, बंद आणि स्वयंचलित अशा तीन जागा असतील. 'हाताने' या बाजूला हिरवे बटण आणि त्याला समांतर कॉन्टॅक्टरचा १३-१४ हा धरून ठेवणारा संपर्क राहील. 'स्वयंचलित' बाजूला आपल्या रिलेचा संपर्क आणि त्याच्यापुढे एक ऑन-डिले (ठरलेला वेळ थांबून मगच जुळणारा) टायमर राहील. दोन्ही वाटा कॉइलच्या ए१ या टोकावर येऊन मिळतील आणि ए२ ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला जाईल. संरक्षणाची सगळी साधने सिलेक्टरच्या आधी आहेत, हे लक्षात घ्या. बोर्ड बिघडला म्हणून हाताने मोटर चालवली तरी ती साधने कामात राहतात.

सध्याचा 'ऑटो' मात्र काढून टाकावा लागेल. तो वीज येताच मोटर चालू करतो. एखादा व्हॉल्व्ह उघडा आहे की नाही हे त्याला कळत नाही. हाताच्या व्हॉल्व्हवर हे चालून जात होते, कारण निदान दोन प्लॉट नेहमी उघडेच असत. २४ व्होल्टचे व्हॉल्व्ह वीज जाताच मिटतात, म्हणून वीज परत येईल तेव्हा चारही व्हॉल्व्ह बंद असतील आणि ऑटोने चालू केलेली मोटर बंद पाईपलाईनवर दाब देत बसेल.

ठिबक_निफाड

वायरिंगचे मिरजकरांनी सविस्तर सांगितले आहे; मी पाण्याच्या बाजूचे सांगतो.

आपल्या आकड्यांनुसार एका झाडाला ताशी १६ लिटर, म्हणजे एका प्लॉटला ७,२०० लिटर आणि दोन प्लॉटना १४,४०० लिटर पाणी लागते. ५ एचपीचा चांगला मोनोब्लॉक ३० मीटर हेडला (उंची व दाब मिळून) ताशी २०,००० लिटरच्या आसपास पाणी काढतो, म्हणूनच आपल्याला बायपास थोडा उघडा ठेवावा लागतो. प्रोग्राम लिहिताना एकेक प्लॉट फिरवण्याचा मोह होतो, परंतु तसे केल्यास पंपाचे निम्म्याहून जास्त पाणी विनाकारण विहिरीत परत जाईल आणि गेज दीड किलोवर राहणार नाही. जोडी कायम ठेवा. चारही प्लॉट सारखे असल्याने बायपासची एकदा बसवलेली जागा दोन्ही जोड्यांना चालेल.

क्रम असा असावा. आधी व्हॉल्व्हला वीज द्यावी, १५ ते २० सेकंद थांबावे आणि मग मोटर चालू करावी. हे व्हॉल्व्ह पडद्याचे, म्हणजे डायफ्रॅमचे असतात. कॉइल फक्त वरच्या कप्प्यातील पाण्याला बाहेर जाण्याची बारीक वाट मोकळी करते आणि पडदा उचलण्याचे काम पाण्याचा दाबच करतो. त्यामुळे मोटर सुरू होण्यापूर्वी व्हॉल्व्ह 'उघडला' असे म्हणण्यापेक्षा तो उघडण्यास तयार झाला असे म्हणावे लागेल. पंपाचा दाब आला की पडदा सहज उचलला जातो. शेवटी मात्र उलट क्रमाने जावे: आधी मोटर बंद करावी आणि पाणी स्थिरावल्यावर, अर्ध्या मिनिटाने, व्हॉल्व्हची वीज काढावी. वाहत्या पाण्यासमोर व्हॉल्व्ह मिटवला तर पाण्याचा दणका बसतो आणि लांब मेनलाईनचे एल्बो व टी तेथेच सुटतात.

जोडी बदलताना अनेकजण फसतात. पहिला व दुसरा प्लॉट संपला म्हणून आधी तिसरा-चौथा उघडावा आणि मग पहिला-दुसरा बंद करावा, असे सर्वांनाच सुचते. परंतु त्या मधल्या वेळात चारही प्लॉट उघडे असतात आणि मागणी ताशी २८,८०० लिटर होते, जी आपला पंप पुरवू शकत नाही. दाब कोसळतो, आणि या प्रकारच्या व्हॉल्व्हला नीट मिटण्यासाठीसुद्धा साधारण ०.७ ते १ किलो दाब लागत असल्याने पहिले दोन व्हॉल्व्ह अर्धवट गळत राहतात. शिवाय हेड कमी झाले की मोनोब्लॉक जास्त पाणी ओढतो आणि अँपिअर वाढून ओव्हरलोड तुटू शकतो. म्हणून एकाआड एक बदला: तिसरा उघडा, अर्ध्या मिनिटाने पहिला मिटवा, मग चौथा उघडा, अर्ध्या मिनिटाने दुसरा मिटवा.

व्हॉल्व्ह बसवताना अंगावरील बाण पाण्याच्या दिशेने ठेवा आणि तो फिल्टरनंतरच बसवा. कॉइलखालची ती बारीक वाट शेवाळाच्या एका तुकड्याने बंद होते. मग कॉइल कितीही टकटक वाजली तरी व्हॉल्व्ह ढिम्म राहतो. सध्याचे हाताचे व्हॉल्व्ह काढू नका, सोलेनॉइडच्या आधी तसेच राहू द्या. पडदा बदलायचा झाला तर बाकीची बाग थांबत नाही.

माणकाठ_डाळिंब

दोघांचेही आभार. दोन शंका उरतात. प्रेशर स्विचने मोटर थांबवली की पाईपमधला दाब उतरेल, स्विच पुन्हा जुळेल आणि मोटर पुन्हा चालू होईल; असे ती रात्रभर चालू-बंद होत राहणार नाही का? आणि प्रोग्रामच आधी व्हॉल्व्ह उघडणार असेल तर प्रेशर स्विचची खरोखर गरज आहे का? बायपासही थोडा उघडा असतोच.

पॅनेलवाला_मिरज

ताई, दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण या जोडणीचा सगळा भरवसा त्यावर आहे. बोर्डाला इतकेच ठाऊक असते की त्याने हुकूम दिला. व्हॉल्व्हने तो पाळला की नाही, हे त्याला समजत नाही. वायर टिकावाने तुटली, कॉइल जळली, पडद्याखाली खडा अडकला, तरी बोर्डाच्या हिशेबी प्लॉट चालूच असतो आणि मोटरही चालूच राहते. पाईपमध्ये प्रत्यक्ष काय घडते आहे हे दाबच सांगतो, म्हणून मोटर थांबवण्याचा शेवटचा अधिकार प्रोग्रामकडे न ठेवता प्रेशर स्विचकडे ठेवावा आणि तो स्विच बोर्डाला न जोडता थेट कॉइलच्या वाटेत घालावा. बायपासमुळे मोटर लगेच संकटात येणार नाही हे खरे. परंतु विहिरीचे पाणी कमी झाले किंवा खत सोडायचे असले की बायपास कोणीतरी आवळतो, आणि नेमके तेव्हाच संरक्षण नसते.

आपली पहिली शंका अगदी बरोबर आहे. साधा प्रेशर स्विच वापरला तर मोटर तशीच उचक्या देत राहील. त्यासाठी हाताने रीसेट करावा लागणारा स्विच घ्यावा, किंवा साध्या स्विचसोबत एक लॅचिंगची (एकदा तुटली की रीसेटपर्यंत तुटलेलीच राहणारी) जोडणी करून पेटीच्या दारावर लाल दिवा व रीसेट बटण द्यावे. नेहमीचा दाब दीड किलो असल्याने स्विच ३ किलोच्या आसपास बसवा, मात्र पाईपवर छापलेला वर्ग पाहून घ्या. ४ किलोचा पाईप असेल तर स्विच ३ किलोहून वर नेऊ नका. कमी दाबाचा दुसरा स्विचही उपयोगी पडतो. मोटर चालू होऊन दोन मिनिटे झाली तरी दाब अर्ध्या किलोवर आला नाही तर पाईप फुटलेला असतो किंवा फुटव्हॉल्व्हने (सक्शन पाईपच्या तळाच्या झडपेने) पाणी सोडलेले असते. त्या स्विचला सुरुवातीची दोन मिनिटे सोडून द्यावी लागतात, अन्यथा मोटर कधीच चालू होणार नाही.

वायरचा हिशेब राहिला होता. २४ व्होल्ट एसीची कॉइल ओढून घेताना साधारण ०.४ अँपिअर आणि नंतर ०.२५ अँपिअरच्या आत घेते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम असतो, म्हणजे ३०० मीटरच्या एका तारेत ३.६ ओहम. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःची अशी एक वायर न्यावी आणि कॉमन मात्र २.५ चौरस मिलिमीटरची टाकावी, जिचा रोध त्याच अंतराला सुमारे २.२ ओहम होतो. जोडी बदलताना दोन व्हॉल्व्ह धरलेले आणि तिसरा ओढला जात आहे असे धरले तर कॉमनमधून ०.९ अँपिअर जातात. दोन्ही मिळून सुमारे ३.५ व्होल्टची घट होते आणि टोकाला २०.५ व्होल्ट उरतात, ते पुरेसे आहेत. ०.७५ची स्वस्त वायर घेतली तर एका व्हॉल्व्हलाच सहा व्होल्टच्या आसपास घट होते.

आपल्याकडे संध्याकाळी ४१५ऐवजी ३५० व्होल्ट मिळणे नवीन नाही. तेव्हा २४चे २० होतात आणि टोकाला १७ उरतात. एसी कॉइलचा दांडा पूर्ण आत ओढला गेला नाही तर ती गुणगुणत राहते, ओढण्याचा जास्तीचा प्रवाह सतत घेत राहते आणि शेवटी जळते. यासाठी कमी व्होल्टेजला सर्व बंद करणारा रिले घालावा. फेज प्रिव्हेंटरमध्येच ही सोय असलेले प्रकार मिळतात.

ईएसपी_आणि_शेती

भावासाठी काही सूचना. २४ व्होल्ट एसीची कॉइल २४ व्होल्ट डीसीच्या एसएमपीएसवर (डीसी देणाऱ्या पुरवठ्यावर) चालवू नये. एसीवर तिचा प्रवाह मुख्यतः चुंबकीय रोधामुळे आवरलेला असतो. डीसीवर तो रोध नाहीसा होतो, फक्त तारेचा रोध उरतो आणि कॉइल तापून वितळते. व्हॉल्व्ह डीसीचे असतील तर प्रत्येक कॉइलवर उलट दिशेने १एन४००७ डायोड लावावा. एसीचे असतील तर एमओव्ही किंवा आरसी स्नबर (कॉइल सुटतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारे भाग) लावावा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरही स्नबर हवाच, नाहीतर ती सुटताना उडणाऱ्या ठिणगीने ईएसपी३२ रीसेट होतो आणि दोष प्रोग्रामवर येतो.

बाजारातील बरेचसे रिले बोर्ड शून्य व्होल्टवर चालू होणारे असतात आणि ईएसपी३२च्या काही पिना सुरू होताना क्षणभर वर-खाली होतात. त्यामुळे वीज येताच रिले एकदा 'टक' करतो. मिरजकरांनी सांगितलेला ऑन-डिले टायमर ६० सेकंदांवर ठेवला तर ही टक मोटरपर्यंत पोहोचतच नाही. त्या टायमरचा आणखी एक उपयोग असा, की वीज आल्याबरोबर एकाच डीपीवरील सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज खाली बसते. आपली मोटर मिनिटभर उशिरा उठलेली बरी.

वेळापत्रक घड्याळाच्या वेळेवर लिहू नये. रात्री दहा ते बारा पहिली जोडी आणि बारा ते दोन दुसरी जोडी असे लिहिले आणि अकरा ते एक वीज गेली, तर दोन्ही जोड्यांना निम्मेच पाणी मिळेल. प्रत्येक जोडीला किती मिनिटे पाणी मिळाले हे मोजावे आणि ती मिनिटे थ्री फेज ठीक असताना व दाब दीड किलोच्या आसपास असतानाच धरावीत. हा आकडा फ्लॅशमध्ये दर पाच मिनिटांनी साठवावा. दर सेकंदाला साठवू नये, कारण फ्लॅशवर लिहिण्याला मर्यादा असते. वीज परत आली की बोर्डाने राहिलेल्या मिनिटांपासून पुढे जावे.

परसबाग_पनवेल

विषय निघाला म्हणून विचारते. आमच्या गच्चीवरील टाकीतून खाली बागेला पाणी येते. हेच व्हॉल्व्ह तेथे चालतील का?

ठिबक_निफाड

ताई, चालणार नाहीत. टाकी १५ फूट उंच असली तरी दाब अर्ध्या किलोच्या आतच राहतो आणि तेवढ्यात पडदा विश्वासाने उघडत-मिटत नाही. आपण मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा; तो शून्य दाबावरही चालतो.

माणकाठ_डाळिंब

सर्व मुद्दे उतरवून घेतले. साहित्य आले की पहिली चाचणी कोणत्या क्रमाने घ्यावी, तेवढे सांगावे.

पॅनेलवाला_मिरज

वायर पुरण्याआधी विहिरीजवळच्या टोकाला मल्टिमीटर लावून प्रत्येक व्हॉल्व्हचा रोध मोजा. कॉइलचा रोध साधारण २० ते ६० ओहम दिसतो आणि त्यात वायरचे ५-६ ओहम मिळतात. काहीच दिसले नाही तर वायर तुटलेली आहे, शून्याजवळ दिसले तर दोन वायरी कोठेतरी चिकटल्या आहेत. वायर सबमेनच्याच चरीत, पण नळीत घालून पुरा, प्रत्येक व्हॉल्व्हजवळ हातभर जादा वळसा ठेवा आणि जोड ग्रीस भरलेल्या बंद कनेक्टरमध्ये करा. नुसती चिकटपट्टी पहिल्या पावसाळ्यातच दगा देते.

यानंतर मेन स्विच बंद करून कॉन्टॅक्टरवरून मोटरच्या तिन्ही वायरी काढून ठेवा आणि पूर्ण प्रोग्राम कोरडाच चालवा. भावाने मिनिटांऐवजी सेकंद घालून द्यावेत. कोणता रिले कधी वाजतो, कॉन्टॅक्टर व्हॉल्व्हनंतर उचलतो का, शेवटी आधी सुटतो का, हे एकजणाने पेटीजवळ आणि दुसऱ्याने व्हॉल्व्हजवळ उभे राहून पाहावे. मधेच मेन बंद करून पुन्हा चालू करून पाहावे.

मगच मोटर जोडा आणि पहिली चाचणी दिवसा घ्या. पाणी चालू झाल्यावर विहिरीजवळचा मुख्य हाताचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जा आणि गेजवर नजर ठेवा. काटा ३ किलोवर येताच मोटर थांबली पाहिजे आणि रीसेट दाबेपर्यंत ती पुन्हा चालू होता कामा नये. बायपासमुळे काटा तेथपर्यंत चढत नसेल तर तोही थोडा आवळा. काटा सव्वातीनला गेला तरी मोटर चालूच असेल तर लाल बटण दाबा, स्विचचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा करून पाहा. बागेत कोणी व्हॉल्व्ह उघडून काम करत असेल तेव्हा सिलेक्टर 'बंद'वर नेऊन मेन स्विचला कुलूप घालायचे, हे वडिलांना आणि गड्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण यापुढे मोटर कोणी बटण न दाबताही चालू होणार आहे.